टाकी

साल विचारता?
साल कुठेच कोरलेलं नाही. कागद होता,
तो तलाव फुटला त्या वर्षी पेटीसकट गेला.
पेटी सापडली सूर नदीकाठी बाभळीत अडकून, आत एक मासोळी.
सातबाऱ्यावर ही जागा पोटखराबा.
पाच गावांची पोटं इथे दळली, आणि लिहिलंय पोटखराबा.

दगड मात्र मोजता येतो.
कामठीकडून गाडीवर आला तेव्हा
वीतभर आणि वर चार बोटं जाड होता, उकंडराव सांगायचे.
त्यांना त्यांच्या मामानं सांगितलेलं,
आणि मामाची वीत म्हणजे फावडं.
आज पाहा. जेमतेम तीन बोटं.

दर पंधरवड्याला टाकी लावायची.
पाट बंद, वरची पाळ उलथी,
आणि डोमा टाकऱ्या मांडी घालून
आसापासून कडेपर्यंत एकेक रेघ जागी करत बसायचा.
एक डोळा त्यानं इथेच दिला, कपचीला.
पुढची बावीस वर्षं बोटांनी पाहिलं.
मी पाणी शिंपायचो.
टाकीनंतरची पहिली पायली भिवराबाईच्या म्हशीला,
दुसरी माणसांना,
तरी दाताखाली कचकच यायचीच.

मग टेसनाजवळ डिझेलची चक्की आली,
पुकपुक करत अख्ख्या शिवाराला बोलवायची.
सात महिने इथे पाण्यानं नुसतं पाणी दळलं.
आठव्या महिन्यात पैकाबाईनं डबा आणून आदळला.
"तिकडचं पीठ तापून येते बाप्पा,
भाकर थापली का चिरते."
तिच्यामागून ज्वारी आली, लाखोळी आली,
रोडग्यांचा जाडाभरडा गहू आला.
एका वर्षी रेशनचा तांबडा मिलो आला,
त्याला दगडानंही नाक मुरडलं.
पायलीमागे आमची एक मूठ.
मूठ कोणाची, उकंडरावांची की माझी, यावर भांडणं.

आता करा हिशेब.
वीत गेली कुठे? नदीनं नेली नाही.
गावानं खाल्ली.
भाकरीतून, बाळंतिणीच्या पेजेतून,
व्याह्यांना वाढलेल्या रोडग्यांतून,
शाळा चुकवून इथे कोरडं पीठ चाटणाऱ्या पोट्ट्यांच्या जिभेवरून,
केसभर, केसभर.

नागपुरात मेडिकलला माझ्या बापाचा मूतखडा काढला.
डॉक्टरीणबाईंनी बाटलीत घालून हातात दिला.
बापानं खिडकीशी धरला, फिरवून फिरवून पाहिला.
"आपल्याच जात्याचा हाय," म्हणाला, "रंग पाय ना."
ती बाटली तिथे, दिव्याच्या कोनाड्यात.
हात लावू नका.

लिहायचंच तर लिहा,
एक वीत आणि एक बोट इतकी जुनी.
मामाच्या वितीनं.

थांबा. आवाज बदलला.
चाड्यातली ज्वारी संपत आली.
दगड दगडाला लागायच्या आत
पाट मोडायला हवा. सरका जरा,
तुम्ही नेमके पाण्याच्या वाटेत उभे आहात.