सहा कोणाचे

आदेशाच्या चौथ्या पानावर लिहिलंय:
एक आड एक रविवारी, संध्याकाळी सहा वाजता,
वडिलांनी उक्त अज्ञान मुलीस
ताबाधारक मातेच्या स्वाधीन करावे.

न्यायाधीशबाईंनी सगळं पाहिलं होतं.
सम वर्षांतला नाताळ कुणाचा, विषम वर्षांतला कुणाचा,
दातांच्या तारेचे पैसे कुणी किती टक्के भरायचे,
राज्य सोडायचं झालं तर मी कुणाची परवानगी काढायची.
एवढंच पाहिलं नाही
की बिस्मार्क आणि डिकिन्सनच्या मधे,
नॉर्थ डकोटाच्या सपाट गवतातून
वेळेची रेषा जाते,
आणि त्याचं घड्याळ माझ्याहून एक तास मागं आहे.

माझे सहा वाजतात तेव्हा त्याचे पाच.
त्याचे सहा होईतो माझ्याकडे सात,
सोमवारचा डबा, धुवायचे केस,
गणिताची कोरी पानं.

वकील म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज टाकू.
त्याची फी तासावर.
एका तासासाठी मी किती तास विकत घेऊ?

आणखी एक विचारलं होतं त्याला, आवाज खाली आणून.
लायलनं चार महिने पोटगी भरलेली नाही,
रिगवरून कमी केलं म्हणतो.
तरी मी मुलगी पाठवायची?
वकिलानं पेन खाली ठेवलं.
जोलीन, ही दोन वेगळी खाती आहेत.
थकबाकीसाठी कोर्ट आहे.
मुलगी म्हणजे पावती नव्हे,
पैसे आले की फाडून द्यायला.

ते वाक्य मी घरी आणलं
आणि आठवडाभर त्याच्याशी भांडले.

प्रगतिपुस्तक पाहण्याचा हक्क त्यालाही आहे,
पान पाच.
मी फोटो काढून पाठवला,
गणितातला सी अंगठ्यानं झाकावा असं वाटलं, झाकला नाही.
त्याचं उत्तर आलं: माझ्यावर गेली.
मग बऱ्याच वेळानं: सॉरी.

आणि अज्ञान म्हणे.
टेगन नऊ वर्षांची आहे.
कुठल्या घरातला इनहेलर संपत आलाय तिला माहीत,
कुणापुढे कुणाचं नाव काढायचं नाही तेही.
बाबांचा फ्रीज रिकामा होता का, असं मी विचारलं
तर ती म्हणते, आम्ही बाहेर खाल्लं.
एवढं ज्ञान मांडीवर घेऊन
ती मागच्या सीटवर दप्तरासारखी बसते.

माझ्या गाडीत एक वही आहे.
तारीख, ठरलेली वेळ, आल्याची वेळ.
सत्तावन्न मिनिटं उशीर. एकसष्ट. बावन्न.
कधीतरी कोर्टात लागेल म्हणून.

आज कौंटीच्या हद्दीवरच्या पंपावर
मी पावणेसहालाच पोचले, माझ्या पावणेसहाला.
वारा असा की गाडीचं दार दोन हातांनी लावावं लागलं.
हवा भरायच्या नळीपाशी त्याचा पिकअप
आधीच उभा, इंजिन बंद.
म्हणजे त्याचे पाचही वाजले नव्हते.

आतला दिवा लागलेला.
डॅशबोर्डवर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं
आणि उघडं पुस्तक.
दोन डोकी त्यावर वाकलेली.
लायल पेन्सिलीनं कान खाजवतोय.
मोठा भागाकार, मी लांबूनही ओळखला,
आणि त्या दोघांपैकी
कुणालाच तो येत नव्हता.

सहा वाजले. माझे.
हॉर्नवर हात होता. मांडीवर वही,
तारीख टाकून झालेली,
पुढचे दोन रकाने रिकामे.

तेवढ्यात टेगननं मान वर केली,
मला पाहिलं,
आणि एक बोट दाखवलं.

काचेतून कळेना,
एक गणित, एक मिनिट,
की तो एक तास.

मी गाडीचे दिवे बंद केले.