चौदा-पंधरा

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शिरलं की
आधी टॉवेलांच्या मागांचा खडखडाट लागतो,
मग रंगाचा नाला (त्या दिवशी तो गुलाबी होता),
आणि नाल्यापलीकडे पत्र्याची पाटी:
कम्मार अँड सन्स. पाने, पकडी, छिन्न्या.
'सन्स'वर कुणीतरी चुन्याचं बोट फिरवलंय.
कारखाना आता मुलगी चालवते.

शिवलीला. चष्मा केसांत, हातात व्हर्नियर.
"बसा की ओ," म्हणाली,
आणि बसण्याजोगं तिथं काहीच नव्हतं.

मी वडिलांचा पाना नेला होता, रुमालात गुंडाळून.
चौदा-पंधरा. दोन्ही तोंडं शाबूत.
गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला त्या दुपारी
त्यांनी तो डब्यात, भाकरीखाली घालून आणलेला.
विकायचा नव्हता. दुसरा घ्यायचाही नव्हता.
जिथं तो झाला ती जागा बघावी, एवढंच.
हे ऐकून तिनं माझ्याकडे
आटे न जुळणाऱ्या नटाकडे बघावं तसं पाहिलं
आणि आत नेलं.

बाहेर चव्वेचाळीस. आत कुणी मोजत नाही.
बालनरसय्या भट्टीतून सळईचा लाल तुकडा ओढतो,
साच्यावर ठेवतो, पाय दाबतो,
वरून घण येतो
आणि माझ्या दाढा एकमेकींना भेटतात.
दुसऱ्या घावाला तुकड्याला कंबर,
तिसऱ्याला दोन डोकी.
कडेची पापडी कापून पडते, अजून तांबडी,
आणि पाना तेलात जातो
तेव्हा मिरची फोडणीत पडल्यासारखा आवाज होतो.
मग सगळे खोकतात. मीही.

शेडच्या मधोमध एक भिंत.
भट्टीच्या चिमणीला घासून, खिडकीचे दोन भाग करत
सरळ छपरापर्यंत गेलेली.
मी विचारलं नाही.
"वाटणीची आहे," ती म्हणाली. "एक्क्याण्णवची."
पलीकडे आता मसाल्याचं गोदाम आहे.

भिंतीला टेकून स्टुलावर अप्पा. मल्लिनाथ कम्मार.
पन्नास वर्षं घणाशेजारी, कान केव्हाच गेले.
तरी प्रत्येक घाणीतला एक पाना त्यांच्याकडे येतो.
ते त्याचं एक टोक दातांत धरतात,
दुसऱ्यावर छोटी हातोडी मारतात,
आणि डोळे मिटून ऐकतात. हाडातून.
कच्चा असला तर थुंकतात.

मी रुमाल सोडला.
त्यांनी शिक्का बघितला, अंगठ्यानं पुसला, पुन्हा बघितला.
दातांत धरला. टिंग.
पुन्हा. टिंग.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "इदु नमदल्ल."

"आपला नाही म्हणतात," शिवलीला म्हणाली.
माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षं
ह्याच शिक्क्याच्या जिवावर इतर फिटरांना कमी लेखलं होतं.
कम्मारचा आहे म्हणायचे, हात लावू नका.
मी म्हणालो, शिक्का तर तुमचाच.
ती वडिलांच्या कानाशी ओरडली.
ते मानेनं नाही म्हणाले, आणि एकच शब्द:
"तम्मंदु."

धाकट्याचा.

भिंतीपलीकडून दोन वर्षं, रात्रपाळीत,
इरण्णानं थोरल्याचाच शिक्का मारून माल विकला होता.
त्यावर कोर्ट झालं, लग्नांना जाणं बंद झालं,
मग इरण्णाच गेला. तेराव्याला कोण गेलं नाही गेलं
ते ती सांगता सांगता थांबली,
कारण अप्पांनी पाना पुन्हा दातांत धरला होता.

टिंग.

जेवणाची सुट्टी झाली. घण थांबला.
बालनरसय्यानं कडक भाकरी मोडली, त्यावर शेंगाचटणी,
निम्मी मला दिली.
मी खाऊन, हात धुऊन आलो तरी
अप्पा तसेच.
मी हात पुढे केला. त्यांनी बघितलं नाही.

शिवलीलानं पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला,
माझं नाव विचारून घेतलं,
आणि सावकाश अक्षरात लिहिलं:
पाना, चौदा-पंधरा, नग एक.
दुरुस्तीसाठी जमा.