लाल रेघ

बार्लीत वाकून मी टायर शोधत होते.
काळा, वाटीच्या तोंडाएवढा,
आणि शेत केवढं, तर क्षितिजाला लागलेलं.
लिंकनशरात सपाटीला अंतच नाही.
युद्धातली जुनी धावपट्टी तेवढी मधे पडलेली,
फरशांच्या सांध्यांतून गवत, सशांच्या लेंड्या,
वारा कुठूनही यावा, अडवणारं कुणी नाही.

मागे कीरन एप्टन, गुडघ्यांवर बसून
जेटच्या पंखाखाली डोकं घालून पाहत होता,
आणि घडीच्या खुर्चीत बाबा,
अल्बन डॅनट, एक्क्याऐंशी पूर्ण.
आता उडवत नाहीत. दिसत नाही म्हणून ऐकतात.
ऐकूनच म्हणाले होते, "डावं गेलं."
आम्ही तोवर टाळ्या वाजवत होतो.

कसं जातं, ते मला पाठ आहे.
हवेत चाक निवांत असतं.
जमीन लागताच रबराला घाई होते,
तुंबा अजून झोपेतच.
मग ब्रेक: आता तुंबा थांबतो
आणि रबराला अजून जायचं असतं.
त्यात आडवा वारा बरगडीत कोपर मारतो,
कड सुटते.
चाकाच्या धावेला धाव का म्हणतात,
ते तेव्हा कळतं.
विमान तिथेच घसटत राहतं
आणि ती एकटी उड्या मारत पिकात शिरते.

आदल्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात.
आधी ॲसिटोन. मग सँडपेपर,
कारण चकचकीत माणसाला नि चकचकीत धातूला
काही चिकटत नाही, असं त्यांचं मत.
टायरच्या पोटात साच्याचं मेण राहतं, तेही पुसायचं.
अंगठ्याने रबर दाबून फट उघडायची,
थेंब सोडायचा, बोटभर फिरवायचं, पुन्हा थेंब.
मग दुसरी बाजू.
बोट चिकटलं तर शिवी एकच,
हळू, आई वरच्या खोलीत झोपायची तेव्हापासूनची.

शेवटी लाल रंग.
हवाई दलाच्या तळावर बाबांनी बावीस वर्षं
खऱ्या विमानांच्या चाकांवर ही रेघ ओढली,
अर्धी धातूवर, अर्धी रबरावर.
"रेघ मोडली की टायर सरकला.
मापायला काही लागत नाही. बघायला लागतं."
हल्ली ओढते मी.
ते रंग वाळल्यावर नखाने तिची कड वाचतात.

त्या दिवशी दोन उड्डाणं झाली होती.
तिसऱ्याच्या आधी खुर्चीतून विचारलं,
"रेघ सरळ आहे?"
मी वाकले. पाहिलं.
तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी
ती बाजूला झाली होती.
इंजिन सुरू झालं होतं, वारा वाढत होता,
कीरनचा अंगठा काडीवर,
थर्मासमधला चहा संपलेला.
"सरळ आहे," मी ओरडले.

टायर मिळाला नाही.
परतताना गाडीत बाबांनी उघडा तुंबा मांडीवर घेतला,
नख फिरवत राहिले,
रेघेपाशी आले, थांबले, पुढे गेले.
पुलाच्या अलीकडे म्हणाले,
"इथे गोंद पोचलाच नव्हता. माझीच चूक."
मी गिअर बदलला.
गरज नव्हती बदलायची.

सप्टेंबरात कापणीनंतर सेथ माल्टबीने
टायर आमच्या फाटकाच्या खांबाला अडकवून ठेवला.
पावसाने फुगलेला, आत बार्लीचं एक कूस,
आणि बाहेर अर्धी रेघ, लालच.
बाबांनी हातात घेतला, वास घेतला,
"पुन्हा चढवू," म्हणाले, "आधी ॲसिटोन."

मी बाटली काढली.
दुसरी गोष्ट अजून काढलेली नाही.