सात सेकंद

गादीच्या दुकानावर, लाकडी जिना चढून आलं
की डाव्या हाताला आमचं स्टेशन.
मध्यम लहरी, बाराशे सत्तर.
खिडकीतून लेक सुपीरियर दिसतं, धुकं नसेल तर.

सत्तेचाळीस साली हार्डवेअरवाल्या पास्को म्हाताऱ्यानं
मनोरा उभारला तो काही पुण्य म्हणून नव्हे.
दुकानात चाळीस रेडिओ पडून होते
आणि ऐकायला नुसती खरखर.
दलदलीत रोवला त्यानं मनोरा.
ओली जमीन आवाज लांब नेते म्हणे.
रेडिओ खपले. दुकान पुढे बुडालं. बोलणं उरलं.

पहाटे साडेपाचला, बर्फानं कुठल्या शाळा बंद.
मग तांब्याचा भाव. खाण मिटल्यावरही
अकरा वर्षं वाचत होतो,
थांबा असं कुणी म्हणालंच नाही.
सव्वासातला, कोण गेलं.
प्रायोजक : नीमी आणि मुलगे, अंत्यविधी व फर्निचर.
नऊला 'देणं-घेणं' :
एक पाळणा, एक होडी, बूड दुरुस्त केलेली,
सहा कोंबड्या, त्यात एखादा कोंबडा निघाला तर तक्रार चालणार नाही.
टोइव्हो रोज तेच बर्फ उडवायचं यंत्र विकायला काढायचा.
गिऱ्हाईक आलंच तर किंमत वाढवायचा.
यंत्र विकायचंच नव्हतं त्याला.
सकाळी नऊला फोन करावा असं
दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आणि दहा ते बारा मर्ल बुशार.
खड्डे, शाळेचा कर, हरणांचा हंगाम,
पास्टीत गाजर घालावं की नाही.
या गाजरावरून दोन सख्खे भाऊ
त्याच्या कार्यक्रमात कायमचे तुटले.

मी काचेच्या अलीकडे, बटणांपाशी.
जिभेला हाड नसतं, म्हणून एक यंत्र :
खोलीत बोललेलं गावाला
सात सेकंदांनी ऐकू जातं.
सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात.
आमच्याकडे तो सात सेकंद हवेत लटकायचा
आणि माझं बोट लाल बटणावर.

एकतीस वर्षांत चारदा दाबलं.
एकदा शिवी, तीही फादरांची, पायावर खुर्ची पडून.
एकदा एक पोरगा. तो नाव घेणार होता
ती मुलगी चौदाची होती.
एकदा संपात. कोण रात्री चोरून कामावर जातो,
हे सांगायला कुणी तोंड उघडलं होतं.
दुसऱ्या दिवशी गावाला कळलंच.
पण मधे एक रात्र मिळाली,
पोरांना बहिणीकडे पोचवण्यापुरती.

चौथ्यांदा मर्लसाठी.
मार्चचा गुरुवार, गटारांवर चर्चा.
"तुम्ही ऐकताय," म्हणाला, आणि थांबला.
बावीस वर्षं दर पंधरा मिनिटांनी घेतलेलं
गावाचं नाव त्याच्या तोंडून गेलं.
त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं,
परक्या घरी झोपेतून उठलेलं मूल पाहतं तसं.
मी दाबलं. गादीची जाहिरात लावली.
मग आणखी एक. मग हवामान, सकाळचंच.
आत जाऊन कागदावर ठळक अक्षरांत
गावाचं नाव लिहिलं, त्याच्या कपाशी ठेवलं.
तो काही बोलला नाही. मीही.
गटारं पुढे सुरू झाली.
दोन वर्षं तो कागद तिथेच होता,
कॉफीचे गोल डाग पडत गेलेला.

आता स्टेशन दक्षिणेकडच्या कुठल्याशा कंपनीचं.
तिकडचे लोक दिवसभर भांडतात, आम्ही ऐकतो.
आमचे खड्डे त्यांना ठाऊक नाहीत.
'देणं-घेणं' तेवढं ठेवलंय, जाहिराती मिळतात म्हणून.

सूर्य मावळला की कायद्यानं आवाज बारीक करावा लागतो.
अडीचशे वॅट. कसाबसा पुलापर्यंत.
पुलावर माझ्या गाडीत आमचं स्टेशन विरत जातं
आणि कुठल्या तरी लांबच्या शहरातला माणूस
त्याच्यावर चढून तिथला पाऊस सांगू लागतो.

टोइव्हो गेला तेव्हा त्याच्या मुलीनं फोन केला,
बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी.
सवयीनं मी किंमत विचारली.
ती म्हणाली, आउने, तुम्हीच न्या.
माझ्या गॅरेजमध्ये आहे ते. सुरू होत नाही.
कधी होत होतं का, देव जाणे.