पीळ

वडिलांना लडलोला आणलं तेव्हा नोव्हेंबर सरत होता
आणि माझ्या घराच्या सगळ्या भिंती पांढऱ्या होत्या.
त्यांच्याबरोबर एक पेटी, एक कोयता,
बुटांच्या खाचांत कुणाच्या तरी शेताची वाळली माती.

कोयता मी जिन्याखाली ठेवला.
त्यांनी पाहिलं. बोलले नाहीत.

साठ वर्षं या माणसानं कुंपणं रचली.
हॉथॉर्नच्या खोडाला निम्म्याहून जास्त घाव घालायचा,
उरल्या सालीच्या भरवशावर त्याला आडवं निजवायचं,
की वसंतात ते घावाच्या जागेवरूनच फुटतं.
आता त्यांच्या खिडकीतून दिसते
मिसेस बेडोची राखाडी मोटार, आणि तिचं झाकण.

म्हणून मी अभ्रे शिवले.
सोमवारच्या बाजारात तागाचं कापड मिळालं होतं,
जुन्या धाटणीची ठशाची छपाई:
तीन उशांपुरती विलोची पानं,
एका उशीपुरती हनीसकलची वेल, निळ्या जमिनीवर.
नक्षीमागच्या रंगाला जमीन म्हणतात.
एवढीच जमीन मला त्यांना देता येत होती,
सोळा इंच बाय सोळा.

त्यांनी चष्मा पुसला. वेलीवरून बोट फिरवलं,
खालून वर, सावकाश,
जसं वासराच्या पायावरून फिरवतात, मोड शोधत.
"हेस्टर, ही खोटी आहे.
हनीसकल घड्याळाच्या काट्यासारखी चढते.
हा पीळ बाईंडवीडचा."

मी म्हटलं, नक्षी आहे हो ती.
लाकडावर कोरतात, ठसा उमटताना उलटा होतो.
"मग कोरणाऱ्यानं आधी
अर्धा तास कुंपणापाशी उभं राहायचं होतं."

त्या दिवसापासून ते लाकडी खुर्चीत बसू लागले,
पाठ ताठ, उशीकडे पाठ.
भाऊ फोनवर हसला: सुंभ जळेल गं,
पीळ जायचा नाही.
मी हसले नाही. माझ्याही अंगात तोच आहे,
उशी मी जागची हलवली नव्हती.

फेब्रुवारीत एका रात्री, दोन वाजले असतील,
दिवाणखान्यात दिवा.
वडील पायजम्यात, मांडीवर अभ्रा,
बटणं काढून त्यांनी तो उलटा केला होता
आणि चमच्याच्या दांड्यानं
एकेक कोपरा बाहेर ढकलत होते.
शिवण उघडी, दोऱ्यांची शेपटं लोंबती,
निळा इतका फिका की विचारावं लागावं, निळाच ना?
आणि त्या फिक्यावर
आरपार झिरपलेली वेल, आता दुसऱ्या बाजूनं वळत,
घड्याळाच्या काट्यासारखी.

"आता चढेल," ते म्हणाले,
आणि उशी पाठीशी घेऊन तिथेच झोपले.

विलोला पीळ नसतो; त्या तीन उशा सुलट्याच आहेत.
कोयता अजून जिन्याखाली. महिन्याला तेल मी लावते.
परवा मिसेस बेडो चहाला आल्या,
कप तोंडाशी नेता नेता थबकल्या:
"ही एक उलटी झालीय का?"

वडिलांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.
"नाही."