आंबट चुका

पाऊस येऊन गेला त्याला अकरा दिवस झाले,
तरी दिगदाग्याच्या कच्च्या रस्त्यावर
वादीतून वाहून आलेला गाळ
ठाण मांडून बसलाय, निघायचं नाव नाही.
पिकअप मागच्या चाकापर्यंत रुतली.
मोफिजुल उतरला, लुंगी खोचली,
खजुरीची झावळी चाकाखाली सारत म्हणाला,
घाई कशाला? पंप काय पळून जातो?

मी मंगळवेढ्याचा, चिखल मला नवा नाही.
आमचा काळा, हट्टी,
चप्पल मागून घेतो, परत देत नाही.
हा फिका, धिरड्याच्या पिठासारखा,
बोटांच्या बेचक्यांतून गारेगार वर येणारा.
नऊ वर्षं इथं बुटांत काढली.
आज बूट काढले, बॉनेटवर ठेवले
आणि उभाच राहिलो,
बेचाळिशीचा बाप्या,
पायाची बोटं उघडत, मिटत.

वसंत इथं हप्त्याहप्त्यानं येतो.
आधी घाफच्या राखी फांद्यांना
टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं.
मग सिद्रखाली सडा पडतो बोरांचा,
हो, बोरंच, नाव तेवढं वेगळं;
शेळ्या आधी खातात, उरली तर आपण.
मग चार दिवस काहीच नाही.
पुन्हा थंडी, पुन्हा धुकं,
कुंपणापलीकडचे उंट निम्मेच दिसतात.
गेला वाटतं माघारी, म्हणावं
तर एका पहाटे नळाचं पाणी
हाताला बोचायचं थांबलेलं असतं.
बास. त्या दिवसाची बातमी तेवढीच.

अफराबाईच्या मजऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं.
चेहऱ्यावर तांबूस चमकणारा बत्तुला, पायांत गमबूट,
बंद पंपाकडे तिनं बघितलंही नाही.
डोंगराकडे हात करून ओरडली, हुमैद! हुमैद!
मला वाटलं, पोराला हाक मारते.
मी वाट बघत राहिलो, कोण येतंय.
कोणी आलं नाही.
तीच गेली ओघळातल्या दगडांपाशी,
वाकली, कमरेला हात लावून उठली
आणि माझ्या ग्रीस लागलेल्या तळव्यावर
ठेवली मूठभर पानं,
मांसल, भाल्याच्या पात्यासारखी, देठाला लालसर.

तोंडात टाकली
आणि कानामागून जबड्यापर्यंत कळ आली आंबट.
डोळे आपोआप मिटले.
अरे, चुका!
बाजारात ओल्या गोणपाटावर जुड्या असतात तो,
आई डाळीत घालायची, वर लसणाची फोडणी, तो.
मी म्हणालो, चुका.
ती म्हणाली, हुमैद.
चुका.
हुमैद.
मोफिजुल तोंड भरलेलं असताना म्हणाला,
आमच्याकडे चुकापालं.
दोनास एक. ती हसली असावी,
बत्तुल्याआडून नीट कळलं नाही,
पण आणखी मूठभर दिली.

वर माडाएवढ्या खजुरीवर कमरेला दोर बांधून
शेरदिल नराचा फुलोरा मादीवर झटकत होता.
पांढरं पीठ वाऱ्यावर तिरकं उडालं,
थोडं खजुरीला, थोडं माझ्या पान्यावर,
थोडं चहाच्या किटलीत.
ते कुणी काढून टाकलं नाही.

मे महिना मला ठाऊक आहे.
येईल तेव्हा येईल, त्याला कोण अडवतो.
आत्ता सायफनच्या नळीत बेडूक अडकला होता,
तो सोडवायला अर्धा तास लागला,
पंपाला दहा मिनिटं.
पहिलं पाणी गढूळ आलं, खोकत आलं,
मग वाफ्यात शिरलं आणि पाय पसरून झोपलं.

निघालो तेव्हा मगरीबची अजान होत होती.
डॅशबोर्डवर चुक्याची जुडी, सुतळीनं बांधलेली.
अर्ध्या वाटेत आठवलं,
बूट बॉनेटवरच होते.
आता नव्हते.
मागे रस्ताभर मऊ, मचूळ अंधार,
त्यात कुठंतरी माझा नऊ नंबर.
उद्या शोधू, मोफिजुल म्हणाला.
उद्याही चिखल आहेच.
परवा, थोडा.