दोनमाणशी करवत

इल्गवार्सनं बादली पाठवली आहे, गाउया नदीच्या मुखाशून,
झाकणावर खडूनं: जिवंत आहेत. जपून.
आत लँप्री. जबडा नाही, हाड नाही,
चोखणारं गोल तोंड आणि दोन्ही बाजूंना सात सात भोकं.

रीगाच्या तळघरात आउस्मानं एकीचा मज्जारज्जू काढला,
बोटभर, ओल्या फितीसारखा चपटा,
काचेच्या बशीत थंड खारट पाण्यात टाचून ठेवला.
मेंदू नाही. शेपूट नाही. नदी तर नाहीच.

मग नळीतून ग्लुटामेटच्या जातीतलं काहीतरी, थेंब थेंब,
आणि थोड्या वेळानं स्पीकरमधून
डावीकडे खर्र,
उजवीकडे खर्र,
डावीकडे.
फीत जागची हलत नाही, पण पोहते आहे.

"कोण सांगतं तिला पोहायला?" बाबांनी मागे फोनवर विचारलं होतं.
कुणीच नाही, बाबा. आतल्या आत चाललंय.
ज्या पेशी स्नायूपर्यंत कधी पोचत नाहीत,
ज्यांचा जन्म मधल्यामधेच जातो,
त्यांतल्या काही आपल्या बाजूला म्हणतात, चल.
काही मधली रेघ ओलांडतात,
पलीकडच्यांच्या कानाशी, ग्लायसीनची चिमूट घेऊन:
आत्ता नको. आत्ता माझी पाळी.
सेरोटोनिन सोडलं की चाल मंदावते,
एकेक खर्र लांबते,
जेवून उठलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी.

मंगळवारी तिनं कुचल्याचं विष घातलं, कणभर.
ग्लायसीन येत राहिलं, दारं उघडेनात.
डावी-उजवी एकदमच बोलू लागल्या,
एकदमच गप्प.
जोर होताच की. पण असा मासा
कुठे जात नाही, नुसता आखडतो.

अंगणात बर्चचा ओंडका होता, ती नऊ वर्षांची,
करवतीच्या पलीकडच्या मुठीला बाबा.
ती अंगातलं सगळं बळ लावून ढकलायची,
पातं वाकायचं, रुतून बसायचं.
"ढकलू नकोस गं. मी ओढतो तेव्हा तू नसायचं.
मूठ मात्र सोडायची नाही."

विष धुवून निघायला वेळ लागतो.
ती नवं पाणी सुरू करते, फोन लावते.
"लाकडं कापून झाली?"
"करवत भिंतीला आहे," तो म्हणतो,
"तुझी आई गेल्यापासून."
पुढे दोघंही एकदमच काही बोलायला जातात,
एकदमच थांबतात.

स्पीकरमधून डावीकडची एक खर्र येते, एकटीच.
आउस्मा फोन कानाशी धरून
उजवीकडची वाट बघते.